बदललेला जबाब

राखेला वास असतो, हे मला त्या वर्षी पहिल्यांदा नीट कळले. झावळ्यांच्या रविवारी आशीर्वाद दिलेल्या पात्या आम्ही घरी नेतो, वर्षभर त्या क्रूसामागे खोचलेल्या राहतात, सुकतात, पिवळ्या पडतात, आणि पुढच्या वर्षी प्रायश्चित्तकाळ सुरू होण्याआधी पुन्हा गोळा करून जाळल्या जातात. त्यांचीच वस्त्रगाळ राख मग राखेच्या बुधवारी प्रत्येकाच्या कपाळावर लागते. भिवंडीतल्या आमच्या छोट्या प्रार्थनागृहाची एक भिंत यंत्रमागांच्या शेडला लागून आहे. त्यामुळे त्या राखेच्या करपट गंधात सुताला लावलेल्या खळीचा आणि तापलेल्या तेलाचा वास मिसळतो, आणि मिस्सा, म्हणजे आमची उपासना, चालू असताना पलीकडून मागांची खटखट अखंड ऐकू येत राहते. फाल्गुनातली ती कोरडी, धुळकट संध्याकाळ होती. राख लावून घेण्यासाठी रांगेत उभी असताना मी सहज मागे वळून पाहिले आणि शेवटच्या बाकावर एक अनोळखी स्त्री दिसली. गळ्यात मंगळसूत्र नव्हते, अंगावर गोडाऊनमध्ये पॅकिंग करणाऱ्या बायका घालतात तसला निळा कोट होता, आणि ती रडत होती.

मी मूळची वसईकडची. लग्न होऊन भिवंडीत आले आणि गेली अठ्ठावीस वर्षे इथल्या एका शाळेत मराठी शिकवते आहे. आम्ही इथे मूठभर. झारखंडहून मजुरीला आलेली काही कुटुंबे, केरळच्या दोनचार परिचारिका, आणि आमच्यासारखी वसईची पाचसहा घरे. सगळे धरून साठएक माणसे रविवारी जमतो. इतक्या लहान जागेत नवा चेहरा लपत नाही. त्या स्त्रीचे नाव मंदा, हे मला पुढच्या रविवारी कळले. खारबावजवळच्या एका गावातली, शेतकरी घरातली सून. दापोड्याला एका गोडाऊनमध्ये कामाला. पदरी दोन मुली. शिफ्ट संपवून जाताना दार उघडे दिसले म्हणून आत आले, एवढेच तिने सांगितले. मीही पुढे विचारले नाही. विचारले नाही याचे कारण सभ्यता नव्हते, हे आता कबूल करायला हवे. मला तिची भीती वाटली होती.

पाहुण्याची यजमानाला भीती वाटावी, अशी वेळ केव्हा आणि कशी आली, याचा नेमका दिवस मला सांगता येणार नाही. उकाडा वाढतो तशी ती आली असावी. एकदम कधीच नाही, पण एका दुपारी लक्षात येते की श्वास जड झाला आहे. वर्तमानपत्रात कुठल्याशा गावी धर्मांतराच्या संशयावरून प्रार्थना उधळली गेल्याची चार ओळींची बातमी असे. शिक्षकांच्या खोलीत कोणीतरी ती मोठ्याने वाची आणि वाचून झाल्यावर सगळे माझ्याकडे न पाहण्याची काळजी घेत. त्या काळजीपूर्वक न पाहण्यानेच मला पहिल्यांदा घाम फुटला. आणि आता दर रविवारी शेवटच्या बाकावर मंदाताई येऊन बसत होती. तिच्याकडे बोट दाखवून कोणी विचारले तर आम्ही काय सांगणार होतो?

तिसऱ्या रविवारी ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "टीचर, ती पांढरी चकती देतान ना सगल्यांना, मी पन रांगेत येऊ काय?"

मी जवळजवळ दचकून म्हणाले, "नाही, नाही. ते फक्त आमच्यासाठी असतं."

"बरां," ती म्हणाली आणि मागे जाऊन बसली. प्रभुभोजनाची ती भाकर बाप्तिस्मा झालेल्यांनाच देतात, तेव्हा नियमाप्रमाणे माझे उत्तर बरोबर होते. ज्या घाईने मी ते दिले त्या घाईचा मात्र नियमाशी काही संबंध नव्हता.

मिस्सा संपल्यावर मी फादरना गाठले आणि तिला येऊ नको असे सांगायला सुचवले. आमचे फादर सत्तरीला आलेले, गुडघ्यांनी अधू, बोलण्यात सावकाश. अंगावरचा पांढरा झगा काढून त्याची घडी करता करता ते म्हणाले, "टीचर, आपण तिला बोलावलं नाही. म्हणून जा म्हणायचाही अधिकार आपल्याला नाही."

"पण फादर, उद्या कोणी आलं तर?"

"येतील," ते म्हणाले. "मलाही भीती वाटते. पण एक लक्षात घ्या. जबरदस्तीनं धरलेला विश्वास हा विश्वास नसतो, हे म्हणायला आपल्या चर्चलाही फार काळ लागला. माणसाच्या अंतःकरणात एक खोली असते, तिथे तो आणि देव, दोघंच असतात. सरकारनं तिथे शिरू नये असं आपण म्हणतो. मग पाद्र्यानंही शिरू नये. आणि शेजाऱ्यानंही."

घरी येईपर्यंत ती खोली माझ्या मनात राहिली. माझे आजोबा उन्हाळ्याच्या सुट्टीत ओट्यावर बसून सांगत की आपल्या लग्नातली गाणी, हळद, उंबराची फांदी, हे सगळे आपल्या आधीच्या आयुष्यातले आहे, पोर्तुगीज येण्याआधीच्या. त्यांना मी एकदा विचारले होते, आपल्या त्या पहिल्या पूर्वजाने बाप्तिस्म्याच्या पाण्याखाली डोके धरले तेव्हा त्याला कोणी विचारले होते का?  "कोणास ठाऊक," ते म्हणाले होते, "विचारलंही असेल." ज्या श्रद्धेवर माझे सारे जगणे उभे आहे तिच्या तळाशी कोणाचा होकार आहे की कोणाची भीती, हे मला माहीत नाही, आणि ते कधी कळणारही नाही. म्हणूनच कदाचित, अंतःकरणाच्या स्वातंत्र्याची गोष्ट निघाली की मला अभिमानाने बोलता येत नाही. 

पाचवा रविवार झाला आणि शुक्रवारी दुपारी शाळेच्या फाटकाशी तिघे माझी वाट पाहत उभे दिसले. मधला मंदाताईचा दीर, प्रकाश. टेम्पो चालवणारा, तिशीतला, रापलेला माणूस. उरलेले दोघे कोण ते त्यांनी सांगितले नाही. प्रकाश म्हणाला, "बाई, तुमी आमच्या वयनीला नादी लावलीय. आमी तक्रार दिलीय. उद्या बोलावतील तुमाला." आवाज चढलेला नव्हता. मुले शाळेतून सुटत होती, कोणी मला "टीचर, बाय" म्हणत होते, आणि मी हसून हात हलवत होते. 

त्या दुपारी घरी गेल्यावर मी जे केले ते लिहायला अजूनही हात धजावत नाही. दारातून आत येताच समोर दिसणारा क्रूस मी स्टूलावर चढून काढला. माझे पती, जन्मभर मितभाषी माणूस, स्टूल धरून उभे होते. त्यांनी 'का' विचारले नाही, 'नको'ही म्हटले नाही. भिंतीवर क्रूसाच्या आकाराचा फिकट डाग राहिला. तो क्रूसापेक्षाही ठळक दिसू लागला, म्हणून मी तिथे कालनिर्णय अडकवायला गेले, आणि खिळ्यापर्यंत नेलेला हात तसाच थांबला. मला एकदम माझीच किळस आली. प्रार्थनेची पुस्तके मी तांदळाच्या डब्यात लपवली. जी बाळगण्याचा हक्क सबंध देशाचा कायदा मला देतो ती चार पुस्तके मी चोरीच्या मालासारखी तांदळात पुरत होते, आणि मला तसे करायला कोणी सांगितलेही नव्हते. भीतीला फारसे हुकूम द्यावे लागत नाहीत. आपण आपणहून तिची कामे करू लागतो.

शनिवारी सकाळी अकराला पोलीस चौकीत गेले. पती बाहेर थांबले. आत साहेब होते, तरुण, दमलेले. टेबलावर पंख्याने उडू नयेत म्हणून कागदांवर पाण्याची बाटली ठेवलेली. बाकावर प्रकाश बसला होता. मंदाताई बाहेरच्या व्हरांड्यात एका महिला कॉन्स्टेबलबरोबर. साहेबांनी मला खुर्ची दिली, पाणी विचारले. त्यांचे सौजन्य पाहून धीर यायला हवा होता. मला उलट वाटले, आता काहीतरी फार वाईट होणार आहे.

"मॅडम, ही बाई तुमच्या ओळखीची?"

"तोंडओळख असेल."

"कुठली?"

"शाळेत वगैरे. पालक येत असतात."

"तुमच्या प्रार्थनेला येते ती. माहीत होतं?"

"गर्दी असते. लक्ष दिलं जात नाही."

साठ माणसांची गर्दी! मी बोलत होते आणि माझ्यातली मराठीची शिक्षिका दूर उभी राहून ती वाक्ये तपासत होती. एकाही वाक्याचा कर्ता मी नव्हते. ओळख असेल, पालक येत असतात, लक्ष दिलं जात नाही. कोण पाहते, कोण ओळखते, कोण दुर्लक्ष करते, यात कुठेच 'मी' नव्हते. अठ्ठावीस वर्षे मुलांना कर्ता शोधायला शिकवणाऱ्या बाईने स्वतःला वाक्यातून इतक्या सफाईने पुसून टाकले होते. साहेबांनी लिहून घेतले. पेनाचा आवाज मला ऐकू येत होता.

मग त्यांनी मंदाताईला आत बोलावले. ती आली, पदर सारखा केला, आणि बसा म्हटले तरी उभीच राहिली.

"तुला तिकडे कोणी बोलावलं?"

"कोनी न्हाय. मी माझ्या पायांनी गेले."

"काही दिलं तुला त्यांनी? काही कबूल केलं?"

"दिला ना. बसाया जागा दिली."

प्रकाश मान खाली घालून बसला होता. साहेबांनी जरा आवाज चढवला. "नीट सांग. कशाला जात होतीस?"

 मंदाताई जे बोलली ते सलग बोलली, जणू अनेक दिवस ते मनातल्या मनात म्हणून पाहिले होते. "सायेब, माझा नवरा कशेळीच्या पुलावर गेला. कंटेनर आला मागून. दिवस झालं आनि मी शिफ्टला हजर. घरात रडले तर पोरी घाबरतान. गोडाऊनमंदी रडले तर सुपरवायझर बोलतो घरी जा. रस्त्यावर रडले तर लोकं बघतान. तिथं भिंतीच्या पल्याड माग चालतान ना, कितीबी रडा, कोनाला ऐकू जात न्हाय. आनि कोनी इचारीत न्हाय, काय झाला, कशाला आली. म्हनून जायची."

पंखा फिरत होता. साहेबांनी पेन खाली ठेवले. "म्हणजे धर्म बदलायचा नाहीये तुला?"

"न्हाय. आनि बदलायचा असता ना, तर ह्याला इचारला नसता, टीचरना इचारला नसता, आनि राग नका मानू, तुमालापन इचारला नसता."

मला वाटले, त्या खोलीतली हवा कोणीतरी बाहेर ओढून घेतली. पाच आठवडे मी या स्त्रीला घाबरले होते, प्रकाश तिच्यासाठी घाबरला होता, फादर आम्हा सगळ्यांसाठी घाबरले होते. आणि आमच्यापैकी कोणीही हे गृहीतच धरले नव्हते की ती स्वतः काही ठरवू शकते. प्रकाशच्या मनात आम्ही तिला ओढून नेणारे होतो. माझ्या मनातही ती संकटाने पुढे ढकललेली एक वस्तूच होती. तिच्या अंतःकरणातल्या त्या खोलीविषयी मी मनातल्या मनात किती सुंदर विचार केले होते, आणि दारावर मात्र एकदाही हळुवार टकटक केली नव्हती.

प्रकाशचा आवाज फुटला. "मना सांगायचा तरी, वयनी. आमाला कसा कलनार? भावाचा वर्ष घालायचा हाय. तू तिकडं गेली तर कोन घालनार? पोरींना गावात कोन उभा करनार उद्या?" तो रडत नव्हता, पण बोटे एकमेकांत इतकी घट्ट अडकवली होती की नखे पांढरी पडली होती. शाळेच्या फाटकाशी जो मला धमकीसारखा वाटला होता तोच माणूस, मी स्टूलावर चढताना जितकी घाबरलेली होते, तितकाच घाबरलेला होता. हे कळल्याने माझी भीती ओसरली नाही. फक्त ती एकटी राहिली नाही.

मंदाताईने विचारले, "टीचर काय बोलल्या?"

साहेबांनी कागदाकडे पाहिले. "तोंडओळख आहे म्हणाल्या. लक्ष नव्हतं म्हणाल्या."

तिने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत राग असता तर मला बरे वाटले असते. "बरोबर हाय त्यांचा," ती म्हणाली. "त्यांना कशाला तरास देताव सायेब. भ्याल्या असतील."

प्रकाश तक्रार मागे घेतो म्हणाला, आणि साहेब कागद आवरू लागले. प्रकरण मिटले होते. कोणालाही माझ्याकडून आणखी काही नको होते, आणि त्या क्षणी उठून घरी जाणे हे जगातले सर्वांत सोपे काम होते. मी उठलेही. खुर्चीच्या पाठीला हात लावून उभी राहिले, आणि माझ्याच कानांना अनोळखी वाटणाऱ्या चिरक्या आवाजात म्हणाले, "साहेब, मला माझा जबाब बदलायचा आहे."

"मॅडम, आता कशाला? तक्रार मागे घेताहेत ते."

"घेऊ देत. तरी लिहा. मी यांना ओळखते. मी यांना राखेच्या बुधवारी पहिल्यांदा पाहिलं. त्यानंतर प्रत्येक रविवारी पाहिलं. या रडत होत्या, तेही मी पाहिलं. यांनी येऊ नये असं मला वाटत होतं, कारण मला भीती वाटत होती. मी मघाशी खोटं बोलले."

एवढे बोलायला मला किती वेळ लागला कोणास ठाऊक.  धैर्याबद्दल प्रवचनांत जे ऐकले होते त्यातले काहीच मला जाणवले नाही. आत कुठे प्रकाश पडला नाही, मन शांत झाले नाही. सही करताना अक्षर इतके वाकडे आले की साहेबांनी ते ओळखपत्राशी ताडून पाहिले.

बाहेर आल्यावर प्रकाशने टेम्पो सुरू केला. मंदाताई शेजारी चढून बसली.  टेम्पो कल्याण रस्त्याकडे वळेपर्यंत मी आणि माझे पती उन्हात उभे राहिलो.

त्यानंतर सगळे सुरळीत झाले, असे म्हणता येणार नाही. सोमवारी मुख्याध्यापकांनी बोलावून घेतले आणि अतिशय मृदू शब्दांत विचारले की मला पुढच्या वर्षी वर्गशिक्षिकेची जबाबदारी नको असेल तर ते समजू शकतील. मी "हवी आहे" म्हणाले. त्याच्या आदल्याच दिवशी, झावळ्यांच्या रविवारी, प्रार्थनागृहाबाहेर एक हवालदार खुर्ची टाकून बसला होता, आमच्या रक्षणासाठी की आमच्यावर नजर ठेवण्यासाठी ते त्यालाही नक्की सांगता आले नसते. लोक निम्मेच आले. शेवटचा बाक रिकामा होता. गुड फ्रायडेच्या दुपारी आम्ही जमलो तेव्हा शुक्रवार, मागांच्या सुट्टीचा वार, म्हणून शेजारचे माग बंद होते, आणि त्या दिवशी आमच्याकडे घंटाही वाजत नाही. इतकी शांतता त्या वास्तूत मी क्वचित अनुभवली होती. बाहेर एखादी मोटारसायकल थांबली तरी सगळ्यांच्या माना किंचित वळत आणि पुन्हा सरळ होत. फादरांनी त्या दिवशी प्रवचन केले नाही. बराच वेळ ते नुसते गुडघ्यांवर होते, आणि त्यांना उठवायला दोघांना पुढे जावे लागले.

क्रूस मी आठवडाभराने परत लावला. 

मंदाताई पुन्हा आली नाही. मी अनेकदा विचार केला, तिचे दुःख ओसरले असेल. किंवा घरी तिला रडायला जागा मिळाली असेल. किंवा आम्हाला त्रास नको म्हणून ती थांबली असेल. किंवा तिला थांबवले गेले असेल. तिच्या न येण्यात तिची इच्छा किती आणि आम्हा सर्वांची भीती किती, हे बाहेरून कसे ओळखायचे? दापोड्याला जाऊन विचारावे असे दोनदा मनात आले. माझे विचारणे हीसुद्धा एक ओढ ठरेल, असे वाटून थांबले. की तेही निमित्तच होते, मला ठाऊक नाही.

आश्विनातल्या एका तापलेल्या दुपारी ती मला अंजूरफाट्याला भेटली. शेअर रिक्षासाठी मी उभी होते, रस्त्यावर कंटेनरांची रांग लागलेली, डिझेलच्या धुरात सगळे करडे दिसत होते. निळा कोट हातावर घेऊन ती माझ्याकडे आली आणि आपणहून हसली. दिराच्या नात्याने प्रकाश आता नीट वागतो, म्हणाली. पितृपक्षात वर्ष घातले, सगळे गाव जेवले, थोरली पोरगी दहावीत गेली. मी ऐकत होते. विचारायचे होते ते विचारले नाही. तिनेच जरा थांबून, पदराने मान पुसत विचारले,

"टीचर, तुमी अजून जाता काय तिथं?"

 बाप्तिस्मा झाला तेव्हा मी पंधरा दिवसांची होते. पहिले प्रभुभोजन, दृढीकरण, लग्न, दर रविवार. माझ्या वतीने कायम कोणीतरी आधीच होकार दिलेला होता. छपन्न वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, मीही स्वतःला विचारला नव्हता. जाणे थांबवता येते, ते थांबवले असते तर या बाईला त्यात काही नवल वाटले नसते, आणि तिने मला एका शब्दानेही दोष दिला नसता.

"जाते," मी म्हणाले.

"बरां," ती म्हणाली.

रिक्षा आली, त्यात एकच जागा होती. मंदाताई पुढच्या सीटवर ड्रायव्हरशेजारी अंग चोरून बसली आणि निघून गेली. माझे ते एका शब्दाचे उत्तर अजून हवेत होते. आजूबाजूच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसांपैकी कोणी ते ऐकले का, हे पाहण्यासाठी मी, सवयीने, मागे वळून बघितले. आणि तरीही आत कुठेतरी वाटत राहिले की आज पहिल्यांदाच ते उत्तर मी दिले आहे.